नवरीच्या पाटाचा जाड पाय

चौतीस वर्षं मी बारामतीत लोकांचे दात कोरले. त्यामुळे गरागरा फिरणारं कोणतंही यंत्र माझ्या हातात आलं की ते आपोआप शहाण्यासारखं वागतं, असा माझा समज होता. लाकडात खाचा पाडणाऱ्या एका राउटरने हा समज तीन आठवड्यांत धुळीला मिळवला. आणि खोटं कशाला बोलू, ते तीन आठवडे फार मजेचे होते.

सुरुवात भाचीने केली. लग्न ठरलं, तारीख निघाली, आणि एका रविवारी ती आमच्याकडे येऊन पोह्यांची दुसरी बशी संपवत म्हणाली, "मावशी, मला मामा न्हाय. तूच मामा हो."

आम्ही दोघीच बहिणी. भाऊ नाही. लग्नात मामा नवरीला हाताला धरून मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ते काम रीतीप्रमाणे आमच्या पणदऱ्याच्या चुलतभावाकडे जाणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्याने त्यासाठी फेटासुद्धा घेऊन ठेवला होता, केशरी रंगाचा.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "पाट पण तूच करायचा. कार्यालयातला नको. तो लई बुटका असतो, आणि मी बी बुटकी हाय. तो सहा फुटाचा माणूस. हार घालताना मी उड्या मारू का?"

मी निवृत्त झाल्यावर सुतारकामाचं वेड घेतलं होतं. तोवर मी बनवलेल्या वस्तू म्हणजे दोन फळ्या, एक चपलांचं कपाट ज्याचं दार लागत नव्हतं, आणि एक स्टूल, ज्यावर आमचे हे बसले की वर्तमानपत्रासकट डावीकडे कलायचे. तरी मी लगेच हो म्हणाले. कोणी मला असं काही मागितलं की मी हुरळून जाते, हा माझा जुना रोग आहे. शिवाय ही पोर शाळा सुटली की माझ्या पहिल्या दवाखान्यात येऊन बसायची. बाहेरच्या सागवानी बाकड्यावर, गाल सुजलेल्या पेशंटांच्या मधे, पाय हलवत बसायची आणि आत कोणी ओरडलं की पेशंटांना सांगायची, "काय न्हाय, मावशी फक्त बघतीया."

ते बाकडं मी जपून ठेवलं होतं. पाट त्याचाच करायचा, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पण मामा कोणी व्हायचं ते माझ्या किंवा भाचीच्या हातात नव्हतं. ते आबांच्या हातात होतं. आबा म्हणजे आमचे थोरले चुलते, पणदऱ्याला असतात. ऐंशी ओलांडली आहे. आमच्या घराकडे पूर्वी मेंढरं होती. आता ऊस आणि गोठ्यात चार गाई. पण आबा कोणतीही गोष्ट पारखताना अजून मेंढरू पारखल्यासारखी पारखतात, उलटी करून, आत बोट घालून. त्यांच्या तोंडात सगळे दात शाबूत आहेत. माझ्या धंद्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही आणि त्यांनी तो कधी लपवलाही नाही.

मी आणि बहीण त्यांच्याकडे गेलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरची पांढरी टोपी नीट केली. आबांना टोपीशिवाय मी जन्मात पाहिलेलं नाही. ते झोपतातही टोपी घालून, असं आम्ही लहानपणी म्हणायचो.

"बाई मामा?" ते म्हणाले.

"व्हय आबा."

"आन पाट बी तूच करणार. उंच."

"व्हय."

"मंग असं कर. तू पाट घिऊन ये. मी हुबा ऱ्हातो त्याच्यावर. हाल्ला, तर मामा माझा ल्योक. ऐन मांडवात पोरगी तोंडावर पडली तर काय दात बसवीत बसणार हाईस तिथं?"

"आणि नाही हालला तर?"

"तर मंग बोलू."

परतीच्या वाटेवर बहीण काळजीत होती. मी मात्र गाडीतच पाटाचं चित्र काढत होते.

आता पाट म्हणजे काही ताजमहाल नव्हे. वर एक जाड फळी, खाली दोन आडवे पाय. पण पाय नुसते खिळ्यांनी ठोकले तर उंच पाट महिनाभरात खिळखिळा होतो. फळीच्या पोटाला आरपार दोन सरळ खाचा पाडायच्या आणि पायांची वरची कड त्या खाचांत घट्ट बसवायची. खाच सरळ, भिंती उभ्या, तळ सपाट. हे वाचताच मला इतका आनंद झाला की विचारू नका. सरळ भिंती आणि सपाट तळ! चौतीस वर्षं मी दाढांमध्ये दुसरं काय केलं होतं?

राउटर माझ्याकडे होता, छोटा, एका हातात मावणारा. फक्त सरळ बिट, म्हणजे त्यात बसवायचं पातं, हवं होतं. बारामतीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, कोणासाठी पाहिजे?"

"माझ्यासाठी."

"तसं नाही, वापरणार कोण?"

"मीच."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बारा बिटांची पेटी पुढे सरकवली. काय ती पेटी! एक गोल पोटाचं, एक चोचीसारखं, एक घंटेसारखं. मला सगळीच हवीशी वाटली. पण मी मन आवरलं आणि सरळ बिटांचा ट्रे मागितला. पर्समधून दवाखान्यातला भिंगांचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि एकेक बिट उजेडात फिरवून पाहायला लागले. एका धारेचं बिट लाकूड भराभर खातं, पण दोन धारांचं भिंत गुळगुळीत ठेवतं. लांब बिट जास्त थरथरतं, म्हणून खाच जेवढी खोल तेवढीच धारेची लांबी घ्यावी. धारेला लावलेला कठीण धातूचा तुकडा कुठे फुटलेला नाही ना, ते बघावं. हे सगळं मी वाचून गेले होते. तिसऱ्या बिटाच्या धारेवर मला केसाएवढा टवका दिसला.

"हे किडलंय," मी म्हणाले.

दुकानदाराने चष्मा मागून घेतला, स्वतः पाहिलं, मग आतल्या दोघांना बोलावून दाखवलं. मग तिघांनी मिळून ट्रेमधली सगळी बिटं तपासली आणि आणखी दोन किडकी निघाली. मला चहा मिळाला. मी सहा सुती, दोन धारांचं, आखूड बिट निवडलं आणि विजयी मुद्रेने बाहेर पडले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडचे सुतार अजून सुतातच बोलतात आणि मला तो शब्द फार आवडतो.

एवढं सगळं तपासलं, फक्त दांडी तपासली नाही.

माझ्या राउटरच्या तोंडात दोन सुती दांडी बसते. मी आणलेल्या बिटाची दांडी होती सहा मिलिमीटर. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरपेक्षा कणभर जास्त. कणभर म्हणजे किती, तर नखाच्या जाडीएवढं. मी पाना लावून पिळून पिळून घट्ट केलं आणि जुन्या आंब्याच्या फळीवर पहिली खाच पाडायला घेतली. तोंडाला मास्क, डोळ्यांवर भिंगं, केसांना दवाखान्यातली टोपी. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, खुर्ची टाकून बाजूला बसले होते.

खाच सुरू झाली तेव्हा एक सूत खोल होती. संपली तेव्हा फळीतून पलीकडचं टेबल दिसत होतं. दांडी सैल असल्यामुळे बिट चालता चालता हळूहळू खाली सरकत गेलं होतं. मला कळलंच नाही, कारण वर सगळा भुसा.

ह्यांनी वाकून भोकातून पाहिलं. "रूट कॅनाल?" ते म्हणाले.

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बिट बदलून आणलं, बरोबर दोन सुती दांडीचं. दुकानदाराने पुन्हा चहा दिला. आता माझी तिथे ओळख झाली होती.

नव्या बिटाने खोली बिघडली नाही. आता लाकूड जळायला लागलं. खाचेच्या दोन्ही भिंती काळ्या, आणि घरभर असा वास की शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, दूध उतू गेलं का. मी वेग कमी केला, बिट पुसलं, दुसरी फळी घेतली. तीही काळी. रोज संध्याकाळी हे विचारायचे, "आज किती दात?" आणि मी दोन किंवा तीन असा आकडा सांगायचे. आंब्याच्या सगळ्या फळ्या संपल्या. लग्नाला तीन आठवड्यांहून कमी दिवस उरले होते. बाकडं अजून अख्खं भिंतीला टेकून उभं होतं. त्याला हात लावायची माझी छाती होत नव्हती, कारण त्याच्या जोडीचं दुसरं बाकडं जगात नव्हतं.

तेव्हा मला बावड्याच्या सुतारकाकांची आठवण झाली.

सुतारकाका माझे शेवटच्या वर्षातले पेशंट. त्यांना मी वरखाली पूर्ण कवळी बसवून दिली होती आणि त्याबद्दल ते माझ्यावर नाराज होते. कवळीने त्यांना भाकरी खाता येत होती, हाडूक चावता येत होतं, पण खिळे तोंडात धरता येत नव्हते. पन्नास वर्षं त्यांनी ओठांच्या कोपऱ्यात चार-चार खिळे धरून काम केलं होतं. आता खिळा धरला की खालची कवळी उठायची. तीनदा मी ती घासून दिली, तीनदा त्यांनी फोन करून सांगितलं की जमत न्हाय.

मी फोन केला. सगळी हकीकत सांगितली.

"या की," ते म्हणाले. "आन येताना ते घासायचं हत्यार आना. डावीकडं टोचतीया."

मी इंदापूरमार्गे बावड्याला पोहोचले तेव्हा काका पत्र्याच्या शेडमध्ये कवळी शर्टाच्या खिशात ठेवून माझी वाट पाहत होते. आधी त्यांची कवळी घासली. मग त्यांनी एक सागाचा तुकडा टेबलाला आवळला आणि म्हणाले, "करा. मी बघतो."

मी भिंगं लावली, मास्क बांधला आणि हळूच राउटर टेकवला. हात अगदी हलका. अलगद पुढे, अलगद मागे. चार बोटं गेले नसेन तोच काका खो खो हसायला लागले. इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली.

"बाई," ते डोळे पुसत म्हणाले, "लाकडाला नस न्हाय! त्याला दुखत न्हाय वो!"

मी राउटर बंद केला.

"तुमी त्याला दुखंल म्हणून भिताय. बिट एका जागी घोटाळलं की घासतं, घासलं की जळतं. कापत ऱ्हायलं पायजे त्यानं. एका दमात चला. खोल नगं, एका टायमाला एकच सूत खोल. तीन डाव घ्या. पर चालत ऱ्हावा."

ते ऐकून मला इतकं हसू आलं की मास्क ओला झाला. चौतीस वर्षं ज्या हाताचं लोकांनी कौतुक केलं, "डॉक्टरीणबाईंचा हात लई हलका," म्हणत इंदापूरपासून पेशंट आले, तोच हलका हात सागाची राख करत होता. काकांनी माझा हात धरला नाही, राउटरही हातात घेतला नाही. नुसते बाजूने चालत राहिले आणि "चला, चला, चला" म्हणत राहिले. मी चालले. खाचेतून भुशाऐवजी बारीक साली उडायला लागल्या. भिंती पांढऱ्या, स्वच्छ.

"आता ऐका," काका म्हणाले. "ह्यो फिरतो तो डावीकडं वडतो. म्हणून आडवी पट्टी डाव्या अंगाला बांधायची आन म्होरं ढकलायचं. पट्टी त्याला धरून ठिवती. शेवटाला गेला की बंद करा, उचला, परत पयल्या टोकाला या. चालू मशीन मागं वडायचं न्हाय. मागं आला की ह्यो पट्टी सोडतो आन भिंत खातो. समजलं?"

"समजलं."

"आन पायाची फळी आधी जाडच ठिवा. खाच झाली की रंधा मारून पाय खाचंत बसवा. खाच पायाला बसवत बसू नका."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. निघताना काकांनी एक खिळा ओठांत धरून दाखवला. उभा राहिला. आम्ही दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकडं कापलं. पाटाची फळी गुण्या लावून काटकोनात आहे ना ते तपासलं, पट्टी डावीकडे आवळली, खोली एक सूत लावली आणि देवाचं नाव घेऊन यंत्र सुरू केलं. पहिला डाव. बंद, उचल, परत. दुसरा डाव. बंद, उचल, परत. तिसरा. भुसा फुंकला तर आत इतकी देखणी खाच होती की मी ह्यांना आंघोळीतून हाक मारून बाहेर काढलं. पायाच्या फळीला रंधा मारत मारत शेवटी ती खाचेवर ठेवली, लाकडी हातोडीने एक टोला दिला, आणि ती आतली हवा बाहेर ढकलत जागेवर बसली. मी टाळ्या वाजवल्या. टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या ह्यांनीही वाजवल्या. मी बहिणीला फोन केला, भाचीला फोटो पाठवला, दुकानदाराला फोटो पाठवला. भाचीने उत्तरादाखल नाचणाऱ्या माणसांचं चित्र पाठवलं.

दुसरी खाच मी त्याच नशेत घेतली.

पहिला डाव नीट गेला. दुसरा नीट गेला. तिसऱ्या डावाला टोकापर्यंत पोहोचले, मनात आलं की काम झालं, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने माझा हात मागे आला. दात कोरताना आम्ही असंच करतो, पुढे आणि मागे, पुढे आणि मागे. पाच बोटंही मागे आले नसेन. राउटरने पट्टी सोडली, उजवीकडच्या भिंतीला एक चावा घेतला आणि मगच मी बटण दाबलं.

आवाज थांबल्यावर बघायचं धैर्य होईना. मग पाहिलं. खाचेच्या एका भिंतीत अर्ध्या सुताचा खड्डा. बाकड्याची दुसरी फळी नाही. तीन दिवसांनी आबांकडे जायचं.

मी मास्क काढून अंगणात फेकला. रडलेसुद्धा, त्यात लाजायचं काय. स्वतःचा इतका राग आला होता की राउटर उचलून कालव्यात टाकावा असं वाटलं. ह्यांनी पाणी आणून दिलं आणि अंगणातून मास्क उचलून आणला. रडून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की भुसा आणि गम कालवून खड्डा भरून टाकावा. वरून घासलं की कोणाला कळणार? भरायच्या कामात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. मी गमची बाटली उघडलीही. तरी मन धजेना, म्हणून आधी काकांना व्हिडिओवर खड्डा दाखवला.

काकांनी मला फोन खड्ड्याजवळ न्यायला लावला. "बाई," ते म्हणाले, "तुमी किडक्या दातात तसंच शिमिट भरता व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "आधी चांगल्या भिंतीपर्यंत कोरून घेतो. मग भरतो."

"मंग?"

मी गमच्या बाटलीला झाकण लावलं. पुढचं मला सांगायची गरज नव्हती. सगळी खाचच सरळ एका सुताने रुंद करायची, चावलेल्या भिंतीच्या पलीकडे, निरोगी लाकडापर्यंत. मग तो पाय सात सुती करायचा. पट्टी यावेळी उलट बाजूला बांधली, मीही फळीच्या पलीकडच्या टोकाला उभी राहिले, म्हणजे चावलेली भिंत माझ्या डाव्या हाताला आली. एका दमात पुढे. बंद, उचल, परत. ह्यांना मी बाजूला "परत! परत!" असं ओरडायला उभं केलं होतं. ते त्यांनी फार मनापासून केलं.

पाट तयार झाला. वरून देखणा. खालून एक पाय सहा सुती आणि एक सात. माहीत असल्याशिवाय दिसत नाही.

पणदऱ्याच्या अंगणात आबांनी पाटाकडे वरून पाहिलंच नाही. सरळ उलटा केला. दोन्ही पायांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत. बहीण, भाची, चुलतभाऊ, हे, सगळे गोल उभे.

"ह्यो पाय जाड कसा?" आबा म्हणाले.

मी सांगितलं. काही लपवलं नाही. हात मागे आला, भिंत खाल्ली, खड्डा भरून टाकायचं मनात आलं होतं तेही सांगितलं. चुलतभाऊ मिशीतल्या मिशीत हसला.

आबांनी पाट सुलटा करून फरशीवर ठेवला. चपला काढल्या. कोणी हात पुढे केला तो झिडकारला आणि वर चढले. आधी नुसते उभे राहिले. मग डावीकडे भार दिला, उजवीकडे दिला. मग या ऐंशी ओलांडलेल्या माणसाने दोन्ही हात वर करून धनगरी गजीनृत्याची दोन पावलं टाकली. हे त्यांना धरायला पुढे सरकले. पाट तसूभर हालला नाही. भाचीने शिट्टी मारली.

आबा खाली उतरले, चपला घातल्या.

"न्हाय हाल्ला," मी म्हणाले.

"न्हाय हाल्ला," आबा म्हणाले.

"मग?"

"बघू."

आमच्या घरात आबांचं बघू म्हणजे चारातल्या तीन वेळा नाही. बहिणीने माझ्याकडे पाहायचं टाळलं. परतताना गाडीत मी पाट उलटा मांडीवर घेऊन बसले. पाय एका मापाचे असते तर आबा हो म्हणाले असते, हे माझ्या डोक्यातून जाईना. गमची बाटली तर उघडलेलीच होती.

लग्नाच्या दिवशी मी हिरवी पैठणी नेसले. मामा व्हायचं असो नसो, मावशी तर होतेच. बारामतीतलं कार्यालय माणसांनी भरून गेलं होतं. चुलतभावाच्या डोक्यावर केशरी फेटा. नवरदेव कार्यालयाच्या बुटक्या पाटावर उभा, समोर अंतरपाट, आणि अंतरपाटाच्या अलीकडे माझा पाट, रिकामा. त्यावर उजेड पडून साग चमकत होता. मी तिसऱ्या रांगेत बसून त्याच्याकडे बघत होते.

माइकवर आवाज आला, "नवरीच्या मामांनी नवरीला मांडवात घेऊन यावं!"

चुलतभाऊ उठला. फेट्याचा शेमला नीट केला.

"मामांनी लवकर यावं, मुहूर्ताला थोडाच वेळ राहिलाय!"

तेवढ्यात माइकमध्ये खरखर झाली आणि आबांचा आवाज सगळ्या कार्यालयात घुमला. "थांबा की वाईच. मामा तिसऱ्या रांगंत बसलाय. हिरवं लुगडं. दातांची डाक्टर. ऊठ गं पोरी."

मी उठले की मला कोणी उठवलं, आठवत नाही. चुलतभाऊ खाली बसला होता आणि, त्याचं भलं होवो, सगळ्यांत आधी त्यानेच टाळ्या वाजवल्या. खोलीच्या दारात भाची उभी होती, मुंडावळ्यांमागून खदाखदा हसत. मी तिचा हात धरला. आम्ही दोघी चालत स्टेजपाशी आलो तर आबा आडवे आले.

"थांब," ते म्हणाले. "मामाचं डोकं उघडं बरं न्हाय दिसत."

आणि त्यांनी स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

त्यांचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. अगदी लहान होतं, मागे चार पांढरे केस, आणि कपाळावर टोपीच्या कडेची गोरी रेघ. मी टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली. आबांनी मान वळवून पाटाकडे पाहिलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तिचा उजवा पाय जाड पायाच्या अंगाला ठिव. त्यो जास्त भरवशाचा हाय."

भाची पाटावर चढली. मी तिचा हात न सोडता तिच्यामागे उभी राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अक्षता उडायला लागल्या तशी ती हळूच एका टाचेवरून दुसऱ्या टाचेवर झाली, मग परत पहिल्या.

"मावशी," ती मान न वळवता कुजबुजली, "पाट हालत न्हाय. मंग माझा हात का हालतोय?"

"तो मी धरलाय," मी म्हणाले.

आबा शेवटच्या अक्षतेपर्यंत उघड्या डोक्याने उभे होते.